भ्यालेल्यांची डोली

कुसवाडीला येणारे पाहुणे कड्यावर उभे राहून फोटो काढतात आणि देवळाच्या मंडपात टांगलेल्या बांबूच्या डोल्या पाहून विचारतात, या देवाच्या का? देवाच्या नव्हेत. आजारी माणसाला घाट उतरवून खाली पेठेत नेण्यासाठी त्या आहेत, आणि त्या वाहणारे ते आमचे खांदेकरी मंडळ. घरटी एक माणूस त्यात असतोच. इथवर कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटते ते डोली उचलताना पाहिली तर. आमच्याकडे डोलीला हात घालण्याआधी चारही खांदेकरी एकेक करून मोठ्याने म्हणतात, "मला भ्या वाटतंय." पाहुणे हसतात. हसू द्यावे. त्यांना गोजराबाई ठाऊक नसते.

आमच्या पणजोबांच्याही आधीची ही गोष्ट, असे सांगतात. गोजरा या पठारावर नांदायला आलेली सून. घरात नवरा बयाजी, सासू आणि ठकू नावाची एकुलती एक पोर. ठकूचे दुधाचे दात नुकते पडू लागले होते. गुरांमागे रानात गेलेली असताना तिच्या टाचेत काटा मोडला. सासूने बिब्बा तापवून त्याचे तेल टाचेला लावले. काटा मोडला की बिब्बा, हे तेव्हा घरोघरचे औषध होते. पण बिब्बा सगळ्यांना सोसत नाही, एखाद्याला उततो, अंगावर फोड येतात. ठकूला तो उतला. आधीच पाय सुजलेला, अंगात ताप, त्यात सकाळी पाहावे तर तोंडासकट अंगभर फोड.

शेजारीण विस्तव मागायला आली. तिने पोरीचे तोंड पाहिले आणि हातातली गोवरी उंबऱ्यातच टाकून पळाली. दुपारच्या आत गावभर झाले की बयाजीच्या घरात देवी आल्या.

देवीचा रोग आताच्या पोरांना ठाऊक नाही, ते बरेच आहे. तेव्हा त्याच्या पायी वस्त्याच्या वस्त्या ओस पडत. देवी ज्या घरी आल्या त्या घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, घरात फोडणी द्यायची नाही, कुणी आत जायचे नाही, आतल्याने बाहेर यायचे नाही. आणि रोग्याला शिवेबाहेर तर मुळीच न्यायचे नाही. पाहुणी आलेली देवी हाकलली असे होते, मग ती गावावर उलटते. सासूने डहाळा आपल्या हाताने बांधला. तिला बिब्ब्याची शंका आली नसेल असे नाही, पण देवीला नाही म्हणायची तिची छाती झाली नाही.

गोजरा मात्र फोडांकडे बघत नव्हती, पायाकडे बघत होती. टाच काळीनिळी पडली होती आणि पोटरीवरून एक लाल रेघ वर चढत होती. सकाळी ती घोट्याशी होती, दुपारी गुडघ्याखाली आली. ही रेघ मांडीला भिडली की पोर हातची गेली, एवढे तिला न सांगता कळले.

ती पारावर गेली. माणसे उठून मागे सरकली. ती लांबूनच ओरडली, "ह्या देवी न्हाईत. बिब्बा उतलाय. पोरीचा पाय सडतोय. खाली वैद्याकडं न्यायला चार खांदे द्या."

हैबती पाटील पुढे आले. माणूस वाईट नव्हता. मागच्या साथीत त्यांचे दोन मुलगे गेले होते. ते म्हणाले, "सूनबाई, तू म्हनतीस तसं असंल. पर नसलं तर?"

चार खांदे मिळणार नाहीत हे पाहून ती घराकडे वळली.

मग नवराबायकोने घोंगडीची झोळी बांबूला बांधली, पोर तीत घातली आणि दोघेच निघाले. घाटाच्या तोंडाशी काटेरी फांद्या पसरलेल्या आणि लोक काठ्या घेऊन उभे. वाट मिळेना, तेव्हा दोघे कड्याच्या घळीत उतरले. तिथून शेळ्यासुद्धा जपून जातात.

अर्ध्या घळीत बयाजीच्या पायाखालचा दगड सुटला. तो झोळी सावरायला गेला आणि स्वतः खाली आदळला. मांडीचे हाड मोडले. पोर शाबूत होती, पण आता बांबूच्या एका टोकाला माणूसच उरला नाही. गोजरा दोघांच्या मध्ये बसून राहिली. एकाला उचलायचे म्हणजे दुसऱ्याला टाकायचे.

बयाजी म्हणाला, "बसू नगंस. पोरीला घे पाठीला. मी हाका मारतो, वरनं कुनीतरी यील."

तिने पोर पाठीशी बांधली आणि उतरू लागली. मागून हाक येत होती, "कुनी हाय का?" पहिल्यांदा तिला त्या हाकेचा धीर वाटला. पुढे पुढे ती हाक आली की तिचे पाय जड होत, आणि यायला उशीर झाला की ती थबकून कान देई. तरी ती मागे वळली नाही. वर कड्यावर सगळे गाव ऐकत उभे होते. तुका गुरव नावाच्या एकाने दोर आणला, इतरांकडे पाहिले आणि परत खाली ठेवला. दिवस मावळायच्या सुमारास हाक थांबली.

वैद्याने ठकूची टाच चिरली, पू काढला. पाय जरा अधू राहिला, पण पोर वाचली. फोड पाहून तो म्हणाला, बिब्बा उतलाय.

गोजरा पोरीला घेऊन परत आली तेव्हा बायकांनी आपली पोरे घरात ओढली. विधवेचा तळतळाट लागणार म्हणून गाव गर्भगळीत झाले होते. पाटलांनी पागोटे तिच्या पायाशी ठेवले. म्हणाले, "काय शाप द्यायचा तो मला दे. गावाला नगं."

"शापानं माझा मानूस येतो का, पाटील?" ती म्हणाली. "आनि हाका काय तुमीच ऐकल्या? मीबी ऐकल्या." मग तिने घरटी एक खांदा मागितला. कुणाच्याही घरी दुखणे आले, कसलेही असले, तरी खांदा द्यायचा. सगळ्यांनी त्या घळीच्या तोंडाशी उभे राहून शपथ घेतली.

शपथ घेणे सोपे असते. पुढल्या उन्हाळ्यात पटकी, म्हणजे कॉलऱ्याची साथ, आली आणि पहिल्यांदा लागली ती पाटलांनाच. डोली अंगणात आली, पण तिच्यापाशी कुणी जाईना. कुणी म्हणाले आज अमावस्या आहे, कुणी म्हणाले देवाचा कौल घेऊ. गोजरा आली आणि तिने बांबू धरला.

तुका गुरव म्हणाला, "गोजराबाई, तुला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतंय की," ती म्हणाली. "माझी पोर घरात हाय. मला काय झालं तर तिला कोन? अवं, तवा माझा मानूस गेला तो तुमी भ्यालात म्हनून न्हवं. भ्यालोय असं कुनीच बोललं न्हाई म्हनून गेला. देवी म्हनलात, रीत म्हनलात, आनि एकमेकाच्या तोंडाकडं बघत ऱ्हायलात. मला भ्या वाटतंय. आता बोला, आनिक कोन भ्यालंय?"

मग तुका पुढे आला. "मला भ्या वाटतंय," म्हणाला, आणि बांबूला खांदा दिला. त्याच्यामागून आणखी दोघे आले.

पाटील वाचले. तुकाला पटकी झाली. त्यालाही डोलीतूनच खाली नेले, पण तो वाटेत गेला. म्हणजे भीती काही खोटी नव्हती. त्याच्या तिरडीला पुढचा खांदा गोजराबाईने दिला, असे सांगतात. बाईने खांदा देऊ नये, हे त्या दिवशी कुणालाच आठवले नाही.

आता घाटाखाली रस्ता आहे, रुग्णवाहिका पायथ्याशी येते. मंडळाची माणसे रोग्याबरोबर दवाखान्यात थांबतात, मागे त्याच्या घरची चूल आणि गुरे सांभाळतात. पण पायथ्यापर्यंत न्यायला आजही डोलीच लागते, आणि आजही चौघे आपापली भीती बोलून दाखवल्याखेरीज तिला हात लावत नाहीत. डोलीतल्या माणसाने काय म्हणायचे हे कुणी ठरवून दिलेले नाही. शुद्धीवर असला तर तो बहुतेक वेळा म्हणतो, "मलाबी." मग डोली उचलतात.