तीन टिपऱ्यांची दवंडी

एका राज्यात एक पोपट होता, आणि त्याच्याहून शहाणी माणसं त्या राज्यात फार नव्हती. त्याला नऊ सूत्रं पाठ. त्या सूत्रांतून जे सिद्ध होईल तेवढंच तो बोले, आणि खोटं कधीच बोलत नसे.

राजपंडिता ऋतंभरेनं बारा वर्षं खपून सिद्ध केलं, की हा पोपट खोटं बोलत नसेल, तर एक तरी सत्य असं आहे, जे तो कधीच बोलणार नाही.

पण तिथली रीत अशी, की पंडितांनी सिद्ध केलेलं दवंडीनं सांगायचं, आणि दवंडी ढोलाच्या तीन टिपऱ्यांत, म्हणजे तीन ठोक्यांत, बसवायची. बसवली. "ऐका हो, पोपटाला काही कळत नाही." वेशीपर्यंत जाईतो तिचं झालं, "कुणालाच काही कळत नाही." मग काय विचारता. न्यायाधीशानं चोर सोडले. वैद्यानं नाडी बघणं सोडलं. सुतारानं मापाची दोरी चुलीत घातली. प्रधानानं तर पोपटाची चोचच रेशमी दोऱ्यानं बांधली. ऋतंभरा दारोदार समजावत फिरली. लोक हात जोडून म्हणत, "बाई, तुम्हीच तर सिद्ध केलंत." पालथ्या घड्यावर पाणी.

ही संधी साधून विकटाक्ष मांत्रिक आला. त्याच्या शापानं राजकन्या इंदुलेखा पावलांपासून दगड होऊ लागली. तो म्हणाला, "सूर्यास्तापूर्वी माझ्या तीन प्रश्नांची सिद्ध उत्तरं द्या. नाहीतर ही मूर्ती माझी."

दरबार भरला. दगड गुडघ्यांपर्यंत आला. प्रधान म्हणाला, "महाराज, प्रयत्न व्यर्थ आहे. काहीच सिद्ध होत नाही, हे सिद्ध झालं आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. दगड कमरेपर्यंत आला.

इंदुलेखेला बोटं धरून अंक शिकवले ते ऋतंभरेनं. तिचा जीव तुटत होता आणि डोकं फुटायची वेळ आली होती. ती म्हणाली, "प्रधानजी, आत्ता काय म्हणालात ते पुन्हा म्हणा. सावकाश." प्रधानानं म्हटलं. त्याला तरीही काही वावगं दिसलं नाही. तिनं उठून पोपटाचा दोरा कापला.

विकटाक्षानं विचारलं, "दोन विषम संख्यांची बेरीज कधी तरी विषम येईल का?"

पोपट म्हणाला, "नाही. जोड्या लावल्या की प्रत्येकीत एक उरतो. त्या दोघांची जोडी होते."

"सर्वांत मोठी संख्या कोणती?"

"नाहीच. तू सांगशील तिच्यात मी एक मिळवीन."

दगड गळ्याशी आला होता. विकटाक्ष हसला. "आता असं सत्य सांगा, जे हा पोपट कधीच बोलणार नाही."

ऋतंभरा पुढं होऊन म्हणाली, "'हे वाक्य पोपट कधीच बोलणार नाही.' तो हे बोलला, तर वाक्य खोटं ठरेल, आणि तो खोटं बोलत नाही. म्हणून तो बोलणार नाही. म्हणून वाक्य खरं आहे."

पोपटानं चोच उघडली आणि मिटली. इंदुलेखेच्या अंगावरून दगडाचे पापुद्रे खळखळ गळाले. विकटाक्षाचा धूर झाला.

राजा म्हणाला, "पंडिते, हवं ते माग."

"दवंडी पूर्ण द्या, महाराज. एवढंच."

इंदुलेखेनं स्वतः ढोल गळ्यात अडकवला आणि चौकात पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत दवंडी दिली. सत्तावन्न टिपऱ्या लागल्या. न्यायाधीश चोरांमागे धावला, वैद्यानं नाडी धरली, सुतारानं नवी दोरी वळली. राज्य ताळ्यावर आलं.

प्रधान तेवढा मागं राहिला. तो म्हणाला, "राजकन्ये, हे सगळं थोडक्यात काय?"

इंदुलेखेनं ऋतंभरेकडे पाहिलं, ढोल सारखा केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.