वाळलेली फुले राखणारा माळी

पूर्वी कर्णिकापूर नगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका माळ्याच्या कुळात जन्माला आला होता. त्याचे नाव सोमिल. वडिलांच्या मागे तो राजोद्यानाचा मुख्य माळी झाला आणि त्याच कामात म्हातारा झाला. बायको लवकर गेली. बकुळा नावाची एकुलती एक मुलगी होती. ती त्याने आपल्याच हाताखाली तयार झालेल्या चंदक नावाच्या माळ्याला दिली.

सोमिलला एक खोड होती. बागेच्या मागच्या अंगाला तो रानातली फुले वाढू देई. पावसाळ्यात तेरडा, मग सोनकी, मग कुर्डू, थंडी सरताना धायटी. ही कोणी लावली म्हणून विचाराल, तर कोणीच नाही. ती त्या मातीचीच होती. बहर सरला तरी सोमिल झुडपे उपटत नसे. ती काटक्या होऊन उभी राहत आणि पाखरे त्यांवर लोंबकळून बी खात. "वाळू द्या," तो म्हणे. "आपलं काय जातं?"

अरिंदम राजाला मात्र नीटनेटकेपणाचे वेड होते. एकदा फिरत फिरत तो बागेच्या मागे आला आणि त्या काटक्या पाहून त्याने नाक मुरडले. दूर देशाहून त्याने शंभर पाकळ्यांची फुलझाडे मागवली होती. त्याने हुकूम केला की बागेत, तटाखाली आणि शेतांच्या बांधांवर जेवढे रान माजले आहे तेवढे उपटावे, आणि दिसेल तिथे ही नवी फुले लावावीत.

सोमिल म्हणाला, "महाराज, या फुलांना पाकळ्या शंभर आहेत, पण आत मध नाही. माशी येईल आणि उपाशी जाईल."

"म्हातारबा, फुलं बघायची असतात," राजा म्हणाला. "जेवायची नसतात."

दरबारी पोट धरून हसले. राजा विनोद करतो तेव्हा दरबारी हसतातच. त्याला विनोद चांगला असावा लागत नाही. सोमिलने हात जोडले आणि उपटण्याचे काम आपल्याच्याने होणार नाही असे सांगितले. ते काम चंदकाकडे गेले.

घरी बकुळा म्हणाली, "बाबा, राजाच्या मनासारखं केलं असतं तर काय बिघडलं असतं? आता यांच्याकडेही सगळे संशयाने बघणार."

सोमिल उठून बागेत गेला. तीन दिवस तो उपटलेल्या झुडपांच्या ढिगाशी बसून बी वेचत राहिला. ते त्याने उपरण्याच्या टोकाला बांधले आणि नदी उतरून पलीकडच्या उघड्या माळावर राहायला गेला. बकुळा दारात उभी होती. थांबा, असे ती म्हणाली नाही. तिला वाटले, चार दिवसांत राग निवळेल आणि येतील परत. त्याला वाटले, चार दिवसांत पोर बोलवायला येईल.

अशी सात वर्षे गेली.

माळावर मुरूम आणि दगड यांखेरीज काही नव्हते. पहिल्या वर्षीचे बी पावसाने वाहून नेले. मग सोमिलने माळाच्या उतरणीला दगड रचले, खळग्यांत नदीकाठची माती आणून भरली आणि उरलेले बी चिमटीचिमटीने पेरले. दुसऱ्या वर्षी तेरडा आला. इतका गुलाबी, इतका सुंदर की कोणाला तरी हाक मारून दाखवावा. हाक मारायला कोणी नव्हते. सोमिल एकटाच त्याच्यासमोर बसून राहिला आणि त्याला फार वाईट वाटले. आनंदाच्या वेळी एकटे असणे हे दुःखाच्या वेळी एकटे असण्यापेक्षा जड जाते, हे त्याला त्या दिवशी कळले.

नदी पायी ओलांडायच्या उतारापासून त्याच्या झोपडीपर्यंत एक पायवाट होती. तिच्यावरून येणारे कोणी नसल्याने ती गवताने बुजू लागली. बकुळा आलीच तर तिला वाट सापडावी म्हणून सोमिल रोज सकाळी स्वतःच त्या वाटेने उतारापर्यंत जाई आणि तसाच परत येई.

त्याने तीन मडकी जुन्या मेणाने आतून सारवून, तोंडे झाकून, बारीक भोक ठेवून दगडांच्या आडोशाला मांडली होती. चौथ्या वर्षी सोनकी फुलली तेव्हा त्यांतल्या एकात सातेरीच्या मधमाश्या येऊन राहिल्या. "या," सोमिल म्हणाला, "उशीर केलात." पुष्कळ दिवसांनी तोंड उघडल्यामुळे त्याचा आवाज घोगरा आला. हळूहळू तिन्ही मडकी भरली. धायटीवर मध प्यायला शिंजीर पाखरे येऊ लागली, वाळलेल्या कुर्डूवर मुनियांचे थवे उतरू लागले. सोमिल दिवसभर त्यांच्याशी बोले. त्याला दुसरे गणगोत नव्हते.

इकडे नगरात शंभर पाकळ्यांची फुले डोलत होती आणि बागेत चिटपाखरू फिरकत नव्हते. भोपळ्याच्या वेली फुलांनी लगडत, पण भोपळा धरत नसे. काकडी, दोडका, सगळ्यांची तीच गत. राजाने यज्ञ केले, ज्योतिषी बोलावले. सातव्या वर्षी त्याचा धीर सुटला आणि सगळा राग माळ्यावर निघाला. "पौर्णिमेपर्यंत वेलीला भोपळा धरला नाही," तो म्हणाला, "तर चंदकाचे दोन्ही हात तोडा." पौर्णिमेला पंधरा दिवस होते.

त्या दुपारी बकुळा नदी उतरून माळावर आली. झोपडीशी पोचताच ती थबकली.

"बाबा, हा आवाज कसला?"

"पंगत बसली आहे," सोमिल म्हणाला. "ये, बस. दमली असशील."

त्याने पाणी दिले. ते पिता पिता ती रडू लागली. "सात वर्षं आले नाही. आज गळ्याशी आलं तेव्हा आले. मला तोंड दाखवायला जागा नाही, बाबा."

"वाट सापडली ना?"

"सापडली. चांगली रुळलेली आहे. इथे कोणी येतं-जातं का?"

"मीच येतो-जातो," सोमिल म्हणाला.

तिने सगळी हकीकत सांगितली. सोमिलने समजावले, "एका फुलातली पिवळी पूड दुसऱ्या फुलात माशी नेते, तेव्हा भोपळा धरतो. माशी नाही तर फळ नाही. यज्ञाने काय होणार?"

काय करावे लागणार हे त्याला कळले होते. मडकी नगरात गेली की माळ पुन्हा मुका होणार होता. बोधिसत्त्व झाला तरी म्हातारा माणूसच तो. क्षणभर त्याच्या मनात आले की एक मडके ठेवून घ्यावे. बकुळाही तेच म्हणाली, "एक तरी राहू द्या, बाबा. तुम्हाला सोबत."

सोमिलने त्या मडक्याकडे पाहिले. मग म्हणाला, "शेतं किती आणि माश्या किती! दोन पुरली नाहीत, तर चंदकाचे हात जातील आणि मी इथे सोबत घेऊन बसलेला असेन. तिन्ही ने."

दिवस मावळताना माश्या घरी परतल्या. सोमिलने मडक्यांच्या भोकांवर फडके बांधले, दोन कावडीला लावून स्वतः खांद्यावर घेतली, एक बकुळाच्या डोक्यावर दिले, आणि बियांची मोटली कमरेला खोचून तोही तिच्यासंगे नगरात गेला. मडकी वेलींच्या मधोमध ठेवली. आठव्या दिवशी फुलांच्या देठाशी सुपारीएवढे भोपळे दिसू लागले.

राजा स्वतः मळ्यात आला. माश्यांची गुणगुण ऐकत तो बराच वेळ उभा राहिला. आपल्या बागेला सात वर्षे आवाजच नव्हता, हे त्याच्या आत्ता ध्यानात आले आणि तो खजील झाला. "म्हातारबा, काय हवं ते मागा," तो म्हणाला.

"बांधावर आणि तटाखाली हे बी टाकतो. जे आपणहून उगवेल ते उगवू द्या. आणि बहर सरला की उपटू नका, महाराज. वाळू द्या."

"एवढंच?"

"एवढंच कुणाला जमत नाही."

राजाने वचन दिले. बकुळाने वडिलांना घरी राहण्याचा फार आग्रह केला. पण मोटलीतले बी थोडे होते. बांध भरेपर्यंत आणखी तीन वर्षे तरी माळावरून बी यायला हवे होते, आणि ते राखायला तिथे कोणीतरी हवे होते. सोमिल परत गेला. मडक्यांच्या जागी तीन गोल खुणा होत्या. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा त्या वाटेने उतारापर्यंत जाऊन आला.

बकुळा दर महिन्याला येईन म्हणाली होती. दोनदा आली. मग तिला मूल झाले, मग मळ्याचे काम वाढले. तिची माया खोटी नव्हती. दिवस कसे जातात ते आपल्यालाही ठाऊक आहे. सोमिल दर वर्षी बियांची मोटली नदीच्या उतारावरच्या दगडावर ठेवून जाई आणि चंदक ती घेऊन जाई. बांध फुलले. नगरात पाखरे परतली.

तिसऱ्या वर्षी दगडावर मोटली नव्हती.

बकुळा धावत निघाली, मागोमाग चंदक आणि मळ्यातली माणसे. उतारापाशी तिला वाट सापडेना. गुडघाभर गवत माजले होते. ते दोन्ही हातांनी बाजूला सारत ती पुढे धावली, कारण त्या वाटेवरून कोण येत-जात होते हे तिला माहीत होते.

सोमिल झोपडीत शांत निजला होता, कायमचा. बरेच दिवस त्याला उतारापर्यंत चालवले नसावे. मोटली भरून, गाठ मारून उशाशी ठेवलेली होती. बाहेर वाळलेल्या कुर्डूवर मुनिया झुलत होत्या, आणि दगडांच्या कपारीत मधमाश्यांनी नवे घर केले होते. बरोबर आलेली माणसे चितेसाठी जागा करायला काटक्या उपटू लागली. बकुळाने त्यांचे हात धरले.

"नका उपटू," ती म्हणाली. "वाळू द्या."

त्यांनी सोमिलला खाली नदीकाठी नेले.

शास्त्याने, म्हणजे भगवंतांनी, ही कथा रानातल्या कुटीत एकटेपणाला कंटाळून परतलेल्या एका भिक्षूला सांगितली. मग तो म्हणाला, "भिक्षू, तेव्हाचा अरिंदम राजा म्हणजे आज विहाराचे अंगण सारखे झाडणारा तो वृद्ध श्रेष्ठी. बकुळा म्हणजे दारी उशिरा येते, पण येते, ती उपासिका. चंदक तू होतास. तुझे हात तेव्हा वाचले. आणि माळावरचा सोमिल मी होतो. ज्याच्याकडे कोणी येत नाही, तोही इतरांच्या येण्याची वाट मोकळी ठेवू शकतो. या पारमितेचे, या पूर्णत्वाला नेलेल्या गुणाचे, नाव मैत्री."

भिक्षूने वंदन केले, आपले पात्र उचलले आणि तो रानातल्या कुटीकडे परत निघाला.