चिंचोक्याएवढं बटण

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात मोबाइल फोन घडवणारा एक कारागीर राहत होता. त्याच्या बायकोच्या छातीत अधूनमधून कळ येई. म्हणून त्याने तिच्यासाठी एक जाडजूड फोन केला होता आणि त्यावर चिंचोक्याएवढं फुगीर बटण बसवलं होतं. ते दाबलं, की त्याच्या कारखान्यात घंटा वाजे आणि तो धावत घरी येई. बटण शोधायला तिला बघावंही लागत नसे. दोनदा त्या बटणाने तिला वाचवलं होतं.

गावात दरवर्षी फोनची स्पर्धा भरे. फोन मखमलीवर मांडत आणि पंच दोरीपलीकडून पाहत. हात लावायची रीत नव्हती, डाग पडतात म्हणून.

एका वर्षी कारागिराने तसलाच जाडजूड फोन मांडला. "हा फोन की साबणाची वडी?" मुख्य पंच हसले. "आणि वर हा फोड कसला आलाय?"

कारागिराला ते लागलं. वर्षभर खपून त्याने नवा फोन केला. विड्याच्या पानासारखा पातळ, सगळी काच, बटण नावालाही नाही. पहिलं बक्षीस मिळालं. गळ्यातल्या हारासकट तो घरी आला, नवा फोन बायकोच्या हातात ठेवला आणि तिचा जुना मोडीत टाकला.

"अहो, निसटतोय हो हा. आणि माझं बटण?"

"काचेवर बोट टेकव. घंटेचं चित्र दिसेल, त्यावर पुन्हा टेकव."

"माझे हात सदा पिठात."

"मग धुऊन घेत जा! पंच घरी आले तर तो ठोकळा दाखवू त्यांना?"

ती हसली. "बरं बाबा. तुमचं बक्षीस मी सांभाळते."

आठच दिवसांनी, भाकऱ्या थापताना तिला कळ आली. घंटा वाजली नाही. कारागीर दुपारी जेवायला आला, तेव्हा तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला होता. ती भिंतीला टेकून बसली होती. अंग गार पडलं होतं.

फोन मांडीवर होता. काचेवर ओल्या पिठाचे ठसे होते, एकावर एक, कितीतरी. सगळे एकाच जागी. जुन्या फोनवर बटण होतं, बरोबर तिथे.

मुख्य पंच भेटायला आले. "फार वाईट झालं," म्हणाले. मग त्यांची नजर फोनकडे गेली. "एवढी सुंदर वस्तू, अजून पुसली नाहीत?"

कारागिराने फोन त्यांच्यापुढे धरला. "एकदा हातात घेऊन बघा."

पंचांनी हात मागे घेतला.

तात्पर्य इतकंच: वस्तू ज्याच्या हातात राहणार, त्याच्या हाताला विचारून ती घडवावी, लांबून पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना विचारून नव्हे.