शापित नदीवरील पुलाच्या आराखड्याचा अर्ज

विषय : शापित नदीवरील पुलाचा आराखडा करून देणेबाबत.
संदर्भ : शाल्मली स्थपती आणि बंधू यांचा अर्ज.

उपरोक्त विषयी हकीकत अशी. एका राज्यात एक नदी होती आणि त्या नदीला शाप होता. फार पूर्वी एक मांत्रिक तिच्या घाटावर घसरून पडला आणि लोक हसले. मांत्रिकाने ओल्या धोतरानेच शाप दिला : या पाण्यात ज्याचा पाय भिजेल त्याचा पक्षी होईल, आणि कोणी पुलावरून कोरड्या पायाने पलीकडे जाईल तेव्हाच शाप सुटेल. राजाने तातडीने पूल बांधायचे ठरवले. आता त्याचा नातू तातडीने ठरवत होता.

शाल्मली आणि तिचा थोरला भाऊ मेघदत्त, दोघे स्थपती. अर्जासाठी नदीची खोली मोजताना मेघदत्ताचा पाय घसरला आणि त्याचा भारद्वाज झाला. प्रथम तो पूर्वीसारखाच बोले, कमानीवरून वाद घाली. पण पक्षी झालेल्याची भाषा हळूहळू गळते, आणि शेवटचा शब्द गेला की शाप सुटूनही माणूस परतत नाही. मेघदत्ताची आधी विशेषणे गेली. त्याचे शाल्मलीला फारसे दुःख झाले नाही. मग बाकीची भाषा जाऊ लागली, तशी तिची झोप उडाली.

भावाला खांद्यावर घेऊन ती निविदापाल कुरंगशास्त्र्यांच्या कचेरीत गेली. भारद्वाजाचे दर्शन शुभ, म्हणून सगळे कारकून उठून आले, हात जोडून गेले, आणि पुन्हा स्वस्थ बसले.

"तीन अटी आहेत," शास्त्री म्हणाले. "पहिली, अनामत. सावली जमा करावी लागेल."

शाल्मलीने पायाशी वाकून सावली सोडवली, घडी घालून दिली.

"निर्णय होईपर्यंत परत मिळणार नाही. दुसरी, दोन्ही भागीदारांची सही."

मेघदत्ताने नखे शाईत बुडवून अर्जावर टेकवली. शास्त्र्यांनी कागद उजेडात धरला. "चालेल. बऱ्याच वैद्यांपेक्षा सुवाच्य आहे. तिसरी, पूर्वानुभव. अर्जदाराने शापित नदीवर निदान एक पूल बांधलेला असावा."

"शास्त्रीबुवा, राज्यात शापित नदी ही एकच. तिच्यावर पूल नाही म्हणून तर तुम्ही अर्ज मागवलेत!"

"म्हणूनच अनुभवी माणूस पाहिजे, बाई. एवढे जोखमीचे काम नवख्याच्या हाती कसे द्यावे?"

"पाया," खांद्यावरून मेघदत्त म्हणाला. "शालू. पाया." तेवढेच दोन शब्द उरले होते.

शाल्मली भांडत बसली नाही. ती उगमाकडे गेली. तिथे नदी अरुंद होती. तिने स्वतःच दगड घडवले, लाकडी आधार उभारला आणि त्यावर कमान रचू लागली. रोज सकाळी ती विचारी, "दादा, आज काय?" तो म्हणे, "पाया." मग एका सकाळी तो नुसता "शालू" म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने चोचच उघडली नाही.

"दादा, बोल की रे! एकदा तरी बोल!"

तो झुडपातल्या फांदीवर मुकाट बसून राहिला. कमानीच्या माथ्याचा दगड शाल्मलीने कसाबसा बसवला. चुना ओला होता. तो वाळेपर्यंत आधार काढू नये, हे स्थपतीचे पोरसुद्धा जाणते. तिने आधार काढला.

कमान कुरकुरली. शाल्मली तिच्यावरून चालू लागली. मध्यावर एक दगड सरकून पाण्यात पडला. तिने श्वास कोंडला, पुढचे पाऊल टाकले, आणि ती पलीकडे उतरली. पाय कोरडे होते.

शाप सुटला. नदीकाठच्या झाडाझाडांवर माणसे दिसू लागली. कोणी खाली उतरायची वाट शोधत होते, कोणी नेसूचे सावरत होते. शाल्मली मात्र एकाच झुडपाकडे पाहत होती. त्यातून एक माणूस धडपडत बाहेर आला. त्याने तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"चुना ओला असताना आधार काढतात का, गाढवे? कोणी शिकवले तुला?"

शाल्मली त्याच्याकडे धावली. "मग बोलत का नव्हतास रे?"

"एकच शब्द उरला होता. तो खर्च कसा करणार? तुझेच नाव होते ते."

पुढे दोघांनी पूर्वानुभव म्हणून तो पूल दाखवला. कुरंगशास्त्री जातीने पाहणीस आले. त्यांनी जोडा काढून पाण्यात पाय घातला. काही झाले नाही. त्यांनी शेरा लिहिला : नदी शापित आढळली नाही, सबब, शापित नदीवरील कामाचा अनुभव सिद्ध होत नाही.

"अहो, ती आमच्या पुलानेच शापमुक्त झाली!" मेघदत्त ओरडला. आता त्याला विशेषणेही पुष्कळ सुचत होती आणि त्याने ती सगळी वापरली.

शास्त्र्यांनी शांतपणे ऐकून घेतले. बांधकामाच्या दिवशी नदी शापित होती किंवा कसे, याचा खुलासा त्यांनी जलखात्याकडून मागवला आहे. जलखात्याचे कर्मचारी नुकतेच झाडांवरून उतरले असून अद्याप कामावर रुजू झालेले नाहीत. खुलासा अप्राप्त. अर्ज प्रलंबित आहे.