सशिणीच्या बिळात अडकलेले तीन वैद्य

एका जंगलात एक वैद्यबाई हत्तीण राहत असे आणि तिचं डोकं सदा दुखत असे. कारण तिचे शिष्य! माकड आंब्याखाली बसून औषधं शिके, बगळा जांभळाखाली पाण्याची पारख शिके आणि खार चिंचेखाली पथ्यपाणी. दुसऱ्याच्या झाडाखाली बसणं प्रत्येकाला कमीपणाचं वाटे. हत्तीण असा सुस्कारा सोडी की समोरच्या डोंगरावरचे ढग हलत. खोटं वाटतं? ढगांना विचारा.

एकदा माळावरच्या सशांच्या वस्तीत जुलाबांची साथ आली. "जा, वस्तीला नीट समजावून या," हत्तीण म्हणाली. तिघं निघाली, पण तीन वाटांनी! एका सशिणीचं पिल्लू मलूल पडलं होतं. माकड "भरपूर पाणी पाज!" म्हणून उडी मारून गेलं. तिनं डबक्यातलं पाणी पाजलं. पिल्लाचे जुलाब वाढले. मग बगळा आला. "अगं बाई, हे घाण पाणी? थेंबही देऊ नकोस!" तिनं पाणीच तोडलं. पिल्लाची जीभ कोरडी पडली. मग खार आली. "खायला घाल गं त्याला!" कोरड्या तोंडात घास कसला जातोय?

संध्याकाळी तिघं आपापल्या उपचाराचा गुण पाहायला एकाच वेळी बिळात शिरली, तशी सशीण दारातच ठाण मांडून बसली. "लेकरू जातंय माझं! तिघं मिळून एकच काय ते सांगा, मग वाट सोडते."

आत मान दुमडून बसलेला बगळा चिडला. "पाणी पाज कोण म्हणालं?"

"मी!" माकड म्हणालं. "पाण्याशिवाय जगेल का ते?"

"अरे शहाण्या, पण झऱ्याचं!"

"मग तसं सांगायचं होतंस!"

"तू कधी विचारलंस?"

"भांडा आणखी!" खार किंचाळली. "झऱ्याचं पाणी घोटघोट द्या, तरतरी आली की मऊ कंद. झालं!"

सशीण बाजूला सरली. बगळ्यानं चोचीतून झऱ्याचं पाणी आणलं, माकडानं ते थेंबथेंब पाजलं, खारीनं कंद कुरतडून मऊ केला. उजाडता उजाडता पिल्लाचा एक कान उभा राहिला, मग दुसरा. तेव्हा कुठे तिघं मिळून शेजारच्या बिळाकडे वळली.

हे कळताच हत्तिणीनं काय केलं असेल? तिघांना मिळून बसायला आंबा तेवढा ठेवला, बाकीची दोन झाडं मुळासकट उपटली!

तात्पर्य : शहाण्यांनो, आधी आपसांत बोला, मग लोकांच्या दारी जा, नाहीतर वैद्य तीन असले तरी मरण रोग्याचंच.