कोरडी फणी

“…चिमट्याने?”

“हो, बाबा.”

“बायकोची फणी चिमट्याने उचलतोस?”

“हात लावला, तर तिचा स्पर्श पुसला जाईल.”

अमीनशहा फकिराने समोरच्या काचेच्या बरणीकडे पाहिले. आत पांढऱ्या खड्यांवर एक शिसवी फणी आडवी पडली होती.

“आणि हे काय? लोणचं घातलंस तिचं?”

श्रीकर हसला नाही.

गावाबाहेरच्या या तकियात, फकिराच्या मठीत, तो पूर्वी येई तो वाद घालायला. महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. फकिराचे प्रत्येक वाक्य तो पुराव्यासाठी अडवून धरी. फकीर ऐकून घेई आणि शेवटी चहा पाजी. बायको, हेमांगी, वारल्यापासून मात्र श्रीकरने इकडे पाऊल टाकले नव्हते. आज आला होता तो ही बरणी आणि दोन छायाचित्रे घेऊन.

“ओलावा शोषून घेणारे खडे आहेत ते,” तो म्हणाला. “नीट सांगतो. धातूच्या पत्र्यावर फिल्म ठेवायची, फिल्मवर वस्तू. पत्र्यात उच्च दाबाची वीज सोडली की वस्तूच्या कडेने ठिणग्यांची झालर उमटते. काही लोक तिला प्रभा म्हणतात. त्या वस्तूची… किंवा ती वापरणाऱ्याची.”

“आणि तू काय म्हणतोस?”

“मी अजून काही म्हणत नाही.”

त्याने पहिले छायाचित्र पुढे केले. काळ्याभोर पार्श्वभूमीवर फणीच्या दातादातातून निळ्या ज्वाळा फुटल्या होत्या. वाऱ्यावर केस मोकळे सोडावेत, तशा.

फकीर बराच वेळ पाहत राहिला.

“सुंदर आहे.”

“तिचं दिवसकार्य आवरल्यावर लगेच घेतलेलं. त्या दिवसांत फणी माझ्या मुठीतच असायची. झोपेतसुद्धा.”

“मग?”

“मग शंका आली. ओलाव्यानेही ही झालर वाढते. हाताच्या घामानेसुद्धा. शास्त्राचं म्हणणं तेच आहे, आणि मला ते मान्य आहे. तेव्हा मी ठरवलं, यात माझं जे जे असेल, ते काढून टाकायचं. फणी वाळवली. हात लावणं सोडलं. माझं सगळं वजा केल्यावर जे उरेल, ते निर्विवाद तिचं.”

“तर्कात खोट नाही.”

“नाहीच आहे.”

“मग काय उरलं?”

दुसरे छायाचित्र श्रीकरने पालथेच पुढे सरकवले.

फकिराने ते उलटे केले. काळोख. अगदी डोळे ताणून पाहिले, तर एका कडेला सुतासारखी करडी रेघ.

“पुन्हा पुन्हा घेतलं,” श्रीकर म्हणाला. “दर वेळी आधीपेक्षा कमी. आता तर…”



“तुला माझ्याकडून काय हवं?”

“उत्तर. सांत्वन नको, ते घरी येऊन पुष्कळांनी केलं. फक्त एवढं सांगा, ती आहे की नाही. नाही म्हणालात तरी चालेल.”

चालणार नव्हते. हे त्याच्या आवाजावरून एखाद्या बहिऱ्यालाही कळले असते.

“उघड बरणी.”

श्रीकरने खिशातून चिमटा काढला, फणी अलगद उचलली आणि स्वच्छ रुमालावर ठेवली. मग तो मागे सरकून श्वास रोखून बसला, जणू आता निकाल लागणार होता.

फकिराने हात लांबवला, फणी सरळ बोटांत धरली, उजेडात एकदा फिरवून पाहिली… आणि आपली पांढरी दाढी विंचरू लागला.

“बाबा!”

“दात चांगले बारीक आहेत हं. हल्ली अशा मिळत नाहीत.”

“बाबा, काय करता हे!”

झडप घालून श्रीकरने फणी हिसकावली. चिमटा कुठेतरी खणकन पडला. त्याचा श्वास फुलला होता. तळहात घामाने भिजले होते. फणीचे दात तळव्यात रुतत होते, तरी मूठ सैल होईना.



हळूहळू श्रीकरच्या ध्यानात आले, की आपण ती हातात धरली आहे. इतक्या महिन्यांनी. मुठीच्या उबेने वाळक्या लाकडातून माक्याच्या तेलाचा पुसट वास आला, की आल्याचा भास झाला, हे त्याला ठरवता येईना. त्याने मूठ नाकाशी नेली. तशीच धरून ठेवली.

बाहेर एक शेळी ओरडली, पुन्हा शांत झाली.

“सगळं बिघडवलंत तुम्ही,” तो शेवटी म्हणाला. “किती जपली होती मी… आता यात माझा घाम मुरला. यातलं तिचं किती आणि माझं किती, हे आता कधीच वेगळं काढता येणार नाही.”

फकिराने विंचरलेल्या दाढीवरून हात फिरवला.

“ती घरात होती बेटा, तेव्हा काढता येत होतं?”