पिंपातल्या द्रावाची पारख

खूप पावसाळे उलटले या गोष्टीला. एका डोहात माशांच्या अंगावर उवा पडल्या आणि पिलं मरू लागली. तेव्हा कारखान्याने काठावर टाकून दिलेल्या पिंपातून निळा द्राव म्हणाला, “मला आत घ्या. उवा मारीन आणि पाण्यात विरून नाहीसा होईन.”

मासे हरखले. डोहाची राखण करणारी कवडी खेकडी मात्र म्हणाली, “विरणं वेगळं, संपणं वेगळं. आधी पारख करू.”

गाळातले बारीक जीव जे खातात तेच संपतं, हे तिला ठाऊक होतं. तिने खडकातल्या दोन खळग्यांत पाणी आणि गाळ भरला. एकात कुजक्या पानांचा रस टाकला, दुसऱ्यात द्रावाचे चार थेंब.

आठवड्यात पहिल्या खळग्यात बारीक जीव खाऊ लागल्याचे बुडबुडे उठले आणि रस संपला. दुसरा गप्पच होता.

“कवडीताई, माझं तिसरं पिल्लू गेलं!” मरळ मासोळीने टाहो फोडला. “आणखी किती थांबायचं?”

पण कवडी खळग्यापासून हलली नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी तिने दुसऱ्या खळग्यातलं पाणी चाखलं. ते पहिल्या दिवसाइतकंच कडू होतं. बुडबुडा एकही नव्हता.

“उवा मरतील,” ती मरळीला म्हणाली, “पण हा संपणार नाही. तुझ्या पतवंडांच्या पाण्यातही हा असेल.”

मरळीने पिंपाकडे पाठ फिरवली. उरलेल्या पिलांना जवळ घेऊन ती त्यांच्या अंगावरची एकेक ऊ तोंडाने वेचू लागली. थोड्या वेळाने बाकीचे मासेही तिच्या मदतीला आले.